नाण्यावर चढलेला रंग

आता मॉर्गन डॉलर घेऊ. अमेरिकेचा, ९० टक्के चांदीचा, १८७८पासूनचा. हजार-हजार नाणी कापडी पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिली, काही तर थेट १९६०च्या दशकापर्यंत. कापडाला टेकलेल्या नाण्यांना त्यातलं गंधक लागलं. चांदीवर सल्फाइडचा अगदी पातळ थर बसला, आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग दिसू लागले. थर वाढतो तसा पिवळा, मग जांभळट, निळा, शेवटी काळा.

आता हाच थर कुणी गंधकाचा धूर देऊन तासाभरात आणला तर? रसायन तेच ना! तरी आपण त्याला कृत्रिम म्हणतो, प्रतवारी करणाऱ्या संस्था ७०पैकीचा नेहमीचा अंक नाकारतात. आपल्या मते ते योग्यच. आपण दाद रंगाला देत नाही, तो कसा आला याला देतो. पंचाईत अशी, की 'कसा आला' हे डोळ्यांना दिसत नाही, ताडावं लागतं. खरा रंग छटेछटेनं सरकतो, अक्षरांच्या आडोशाला जरा मागे राहतो. क्वचित कापडाची वीणही उमटते. शिवाय रंग ओरखडे झाकतो. म्हणून आपण नाणं दिव्याखाली तिरपं फिरवतो. टांकसाळीची झळाळी रंगाखालून फिरली पाहिजे. ती नसेल, तर नाणं आधी कुणीतरी घासलेलं असण्याचा संशय धरायचा, रंग कितीही देखणा असो.