लंकेहून परतलेल्या शिपायाच्या आठवणी



युद्धाचा इतिहास आणि शिपायाची आठवण या दोन निराळ्या वस्तू आहेत. इतिहास सेनापतींच्या हुकुमांवरून लिहिला जातो. शिपायाची आठवण पायातल्या बुटांपासून सुरू होते. माझी शाळा लवकर सुटली, आणि पुढचे शिक्षण कारखान्यांच्या फाटकांवर झाले. तेव्हा लष्करी डावपेचांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु सुरक्षा रक्षकांची संघटना बांधताना अनेक माजी सैनिक भेटले. त्यांतले काही 1987 ते 1990 या काळात श्रीलंकेत होते. त्यांच्या आठवणी कशा समजून घ्याव्यात, एवढाच आजचा विषय.

प्रथम घटना सांगतो. 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला. तमिळ लढाऊ संघटनांनी शस्त्रे खाली ठेवावीत, श्रीलंकेच्या सैन्याने बराकीत परतावे आणि प्रांतांना काही अधिकार मिळावेत, असा त्याचा सारांश. त्यावर देखरेख करण्यासाठी भारताची शांतिसेना गेली. जाफन्यात प्रथम तिचे हार घालून स्वागत झाले. पण ‘लिट्टे’ने थोडी शस्त्रे दिली आणि बरीच राखून ठेवली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शांतिसेना त्याच संघटनेशी लढू लागली.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे याला कामाचे स्वरूप बदलणे म्हणतो. कामाच्या महत्त्वाच्या अटी बदलायच्या तर मालकाने आधी नोटीस द्यावी, असा आपल्याकडे कायद्याचा दंडक आहे. शिपायाला अशी नोटीस मिळत नाही, आणि मिळावी असे माझे म्हणणेही नाही. शपथ घेतानाच तो ती अपेक्षा सोडतो. पण शांतता राखायला म्हणून निघालेल्या माणसाच्या हातात दोन महिन्यांत लढाई पडली, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या आठवणीतली गाठ सुटत नाही. सातारा जिल्ह्यातला एक माजी जवान मला म्हणाला, “अण्णा, आधी पोरं गाडीमागं पळत यायची. नंतर तीच पोरं दिसली, की आम्ही रस्ता बघायचो, सुरुंग पेरलाय का म्हणून.” करारावरची जाडजूड पुस्तके वाचून मला जे उमगले नव्हते, ते या दोन वाक्यांत उमगले.

यानंतर तो बोलला हत्यारांबद्दल. आपल्या जवानांच्या हाती लांब, जड एस.एल.आर. रायफल, आणि समोरच्याकडे ए.के.-47. नकाशे जुने. वाटेत ताडाची बने, झावळ्यांची कुंपणे, विहिरी. भाषा कळेना, आणि लुंगीतला शेतकरी कोण, लढवय्या कोण, हेही कळेना. घरच्या पत्रावर गावाचे नाव नाही, फक्त ‘56 ए.पी.ओ.’. आपला माणूस नेमका कुठे आहे, हे घरच्यांना पत्त्यावरून कळायची सोय नव्हती.

या मोहिमेतले पराक्रम खरे आहेत. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी छातीत गोळी लागली असताही हल्लेखोराची रायफल हिसकावून लढले आणि कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 21 ऑक्टोबर 1987 रोजी, तिथल्या दिवाळीच्या दिवशी, जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका आणि कामगार मिळून साठाहून अधिक माणसे मेली. ती चकमकीत सापडली, असे लष्कराचे म्हणणे. भारतीय जवानांनी आत शिरून आमच्यावर गोळ्या झाडल्या, असे वाचलेल्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे. ड्यूटीवर असताना मेलेल्या त्या कामगारांना वगळून मला शिपायाची कैफियत मांडता येणार नाही. एकाची आठवण ऐकायची म्हणजे दुसऱ्याची पुसायची, असा अर्थ होत नाही.

24 मार्च 1990 रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे 1,200 जवान परत आले नाहीत. तोवर दिल्लीत सरकार बदलले होते, कोलंबोला हे सैन्य नको झाले होते, आणि मद्रास बंदरातल्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री मुद्दाम गेले नाहीत. या युद्धाला कोणी वाली उरला नाही. मृतांची नावे पुढे, 2019 मध्ये खुल्या झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात कोरली गेली. जे जिवंत परतले त्यांचे काय? पंधरा-सतरा वर्षांची नोकरी संपवून ते चाळिशीच्या आत घरी आले, आणि त्यांतले कित्येक पुन्हा गणवेश चढवून कुणाच्या तरी फाटकावर उभे राहिले. रक्षकांसाठी महाराष्ट्रात 1981 चा कायदा आहे. त्यात पगार, रजा यांचा विचार आहे. आठवणींचा विचार कायद्याने होत नसतो, तो समाजाने करायचा असतो.

तो कसा करावा? मी सभासदांच्या तक्रारी नोंदवतो, तोच रिवाज इथे सांगतो. शौर्याची गोष्ट आधी विचारू नये. जेवण, पाणी, पहारा आणि पत्रे यांच्याबद्दल विचारावे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहावे. जागा आणि महिना टिपावा. तो थांबला तर आपणही थांबावे. रिकामी जागा आपल्या कल्पनेने भरू नये. आणि वर्तमानपत्रात वाचलेले सांगून त्याला दुरुस्त करू नये.

ही माणसे आता साठीच्या पुढे गेली आहेत. आपल्या गावात, आपल्या सोसायटीच्या फाटकावर त्यांतला कोणी भेटला, तर मित्रहो, त्याला तासभर द्या, आणि वही बरोबर ठेवा.