टाळी आणि शिट्टी

धानोऱ्यात (जि. नंदुरबार) आम्ही मुलांना शाळेच्या लांब भिंतीपासून पन्नासेक पावलांवर उभे केले. एक टाळी वाजवली की प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो. शिट्टी सलग फुंकत राहिले, तर मात्र कोणता आवाज केव्हा परतला, हे कळत नाही.

स्पंद रडार टाळी वाजवते. साधारण एक मायक्रोसेकंद रेडिओलहरी सोडायच्या, मग गप्प राहून ऐकायचे. लहर एका मिलिसेकंदाने परतली, तर वस्तू १५० किलोमीटरवर. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर होतात, हे मुले हमखास विसरतात.

सलग लहरींचे रडार शिट्टी फुंकते. त्याला अंतर कळत नाही, वेग कळतो. समोरून ताशी ३६ किलोमीटर वेगाने येणाऱ्या जीपवरून १० गिगाहर्ट्झच्या लहरी परतल्या, की त्यांची वारंवारता सुमारे ६६७ हर्ट्झने वाढलेली असते. लाऊडस्पीकर जोडला तर हा फरक चक्क ऐकता येतो!

शिट्टीचा सूर सतत चढता-उतरता ठेवला, तर परतलेला सूर केव्हा निघाला होता ते ओळखता येते. विमानातील रेडिओ उंचीमापक असाच चालतो. मुंबईत कुलाब्याचे डॉप्लर हवामान रडार मात्र टाळ्याच वाजवते. पण परतणाऱ्या स्पंदांच्या कलेतील फरकावरून पावसाचे थेंब किती वेगाने जवळ येतात किंवा दूर जातात, हेही ते काढते.