ठिपकेदार अपालूसा : रंगाला भाव, पण परख डोळ्याची

घोड्याच्या बाजारात रंगाला भाव असतो. पण नुसत्या रंगावर जातीचे नाव टिकत नाही. अमेरिकेतील ठिपकेदार अपालूसा घोडा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

अमेरिकेत घोडे स्पॅनिश लोकांनी नेले. वायव्येकडील नेझ पर्स या आदिवासी जमातीच्या हाती ते अठराव्या शतकात आले. या लोकांनी निवडक पैदाशीचे तंत्र साधले. चांगले नर पैदाशीला ठेवायचे आणि कमअस्सल नर खच्ची करायचे, ही त्यांची रीत. १८०६ साली तेथे गेलेल्या मेरिवेदर लुईस या प्रवाशाने त्यांच्या घोड्यांची तारीफ लिहून ठेवली आहे. त्या मुलखातील पलूस नदीवरून पुढे 'अपालूसा' हे नाव पडले.

१८७७ साली सरकारने या जमातीला राखीव प्रदेशात जाण्याचा हुकूम दिला. त्यातून लढाई पेटली. सुमारे १,९०० किलोमीटर माघार घेत ते कॅनडाच्या सरहद्दीजवळ पोचले, पण तेथे त्यांना शरण जावे लागले. घोडे जप्त झाले, विकले गेले, वाटेल त्या जातीशी त्यांचा संकर झाला. कारागीर उखडला की कसब विखुरते, तसेच येथे झाले. पुढे १९३८ साली अपालूसा हॉर्स क्लब स्थापन झाला, वंशावळीची नोंद सुरू झाली आणि जात सावरली. १९७५ साली आयडाहो राज्याने त्याला राज्याचा घोडा ठरविले.

या घोड्याची ओळख केवळ ठिपक्यांवर नाही. तोंडाभोवतीची कातडी चितकबरी, बुबुळाभोवतीचा पांढरा भाग स्पष्ट दिसणारा आणि खुरांवर उभे पट्टे, या त्याच्या खुणा. पट्टेदार खूर अधिक मजबूत असतो हा मात्र केवळ समज आहे. नालबंदाने रंग नव्हे, खूरच पाहावा.

आता सौद्यातील मुख्य गोष्ट. ठिपके आणणारे जनुक आई आणि बाप या दोघांकडूनही आले, तर घोडा जन्मतः रातांधळा असतो. दिवसा तो झकास चालतो आणि अंधारात अडखळतो. शिवाय डोळ्याच्या आत वारंवार सूज येऊन दृष्टी जाण्याचा धोका या जातीत इतरांपेक्षा बराच जास्त आहे. जनुकाची तपासणी आता केसाच्या नमुन्यावरून होते.

म्हणून ठिपक्यांचे मोल देण्याआधी वंशावळीचा कागद मागावा, डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यावेत आणि घोडा एकदा अंधारात चालवून पाहावा. विकणाऱ्यानेही दोष आधीच सांगावा. माल एकदाच विकला जातो, पत मात्र पुढच्या सौद्यालाही लागते.