वाड्याच्या जागी दहा बिऱ्हाडे

इंदूर येथील राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत होळकरांच्या काळातील मराठी कुटुंबांचे वाडे अद्याप अधूनमधून दृष्टीस पडतात. काहींचे लाकूड वाळवीने पोखरले आहे, तर काहींच्या वारसांची संख्या खोल्यांहून अधिक झाली आहे. असा वाडा पडल्यावर त्या जागेचे काय करावयाचे, हा प्रश्न एका कुटुंबापुरता राहत नाही. जागा विकली जाते, तेथे दुकानांची इमारत उभी राहते आणि वाड्यात राहणारा शिंपी, शिक्षक किंवा कापडबाजारातील मुनीम शहराच्या वेशीबाहेर जातो. तेथे घर स्वस्त मिळते खरे. परंतु रोजच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळ त्या घराच्या किमतीत कोणीच धरीत नाही. खेड्यातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी येणाऱ्या मुलांनाही बाजारपेठेलगतचे जुने घर हाच पहिला आसरा असतो.

घरांचा प्रश्न सोडविण्याचा एक मोठा प्रयत्न इंदूरनेच पाहिला आहे. १९८० नंतरच्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने शहराच्या उत्तरेस सुमारे ८५ हेक्टर जमिनीवर ‘अरण्य’ ही वसाहत आखली. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्या संस्थेने तिचा आराखडा केला. साडेसहा हजारांच्या आसपास भूखंडांपैकी सर्वांत लहान भूखंड सुमारे ३५ चौरस मीटरचे होते. दुर्बल घटकांस पूर्ण घर न देता जोते, न्हाणीघर, संडास आणि नळजोडणी एवढा गाभा द्यावयाचा व पुढील बांधकाम त्यांनी ऐपतीप्रमाणे करावयाचे, अशी ही योजना होती. १९९५ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तथापि अरण्यसाठी मोकळी जमीन उपलब्ध होती. पेठेतील भूखंडास दोन्ही अंगांनी शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या असतात. उजेड येतो तो फक्त रस्त्याकडून आणि मागील बाजूने. येथे घर एकेक खोली वाढविता येत नाही. सर्व कुटुंबांचा विचार एकाच वेळी करावा लागतो.

उदाहरणादाखल १० मीटर रुंद व २५ मीटर खोल, म्हणजे २५० चौरस मीटरचा भूखंड घ्यावा. सर्व जागा बांधून काढावी व मध्यभागी एखादा अरुंद झोत ठेवावा, असा मोह सामान्यतः होतो. अशा इमारतीत मधल्या खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागतो आणि उन्हाळ्यात पंख्याने गरम हवाच फिरत राहते. जागा वाचते, पण घर मिळत नाही. वाड्याने हा प्रश्न पूर्वीच सोडविला होता. मध्यभागी चौक ठेवला की प्रत्येक खोलीस दोन बाजू मिळतात.

त्याच रीतीने या भूखंडावर रस्त्याकडे ८ मीटर खोलीचा एक भाग, नंतर साडेसहा मीटरचा चौक व जिना, पुन्हा ८ मीटरचा दुसरा भाग आणि शेवटी अडीच मीटर मोकळी जागा, अशी मांडणी करता येते. प्रत्येक भागात भिंतीला भिंत लावून ५ मीटर रुंदीची दोन घरे बसतात. तळमजला व त्यावर दोन मजले धरले तर बारा गाळे होतात. त्यांपैकी तळमजल्यावरील रस्त्याकडचे दोन दुकानांसाठी ठेवल्यास दहा बिऱ्हाडांची सोय होते. पेठेत दुकानाचे भाडे चांगले येते, आणि ते सामाईक असल्यास इमारतीच्या देखभालीचा बराच भार त्यातून निघतो. एवढे बांधकाम अनुज्ञेय आहे किंवा नाही, हे मात्र महानगरपालिकेचा चटई क्षेत्र निर्देशांक आणि सोडावयाची मोकळी जागा पाहूनच ठरवावे लागेल. नियमात एक मजला कमी बसला तर तो कमी करावा. चौक बुजवू नये.

भिंती वजा जाता प्रत्येक घरात सुमारे ३३ चौरस मीटर जागा हाती येते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये दुर्बल घटकांच्या भागीदारीतील घरांसाठी ३० ते ४५ चौरस मीटर चटई क्षेत्र धरले आहे. त्या मर्यादेत हे घर बसते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दोन खोल्यांच्या घरात एक खोली किमान साडेनऊ व दुसरी साडेसात चौरस मीटरची असावी, स्वयंपाकघर पाच व एकत्र न्हाणीघर-संडास २.८ चौरस मीटरचे असावे. यांची बेरीज पंचविसाच्या आत येते. उरलेल्या आठ चौरस मीटरांत घराची खरी परीक्षा असते. ते येण्याजाण्याच्या बोळात गेले तर घर कोंदट वाटते. भिंतीतील कपाटे, माळा, देवाचा कोनाडा आणि चौकाकडे भांडी घासण्याची मोरी यांसाठी ते खर्ची पडले तर तेच घर पाच माणसांस पुरते.

न्हाणीघर व स्वयंपाकघर शेजारच्या घराच्या न्हाणीघराला पाठ लावून घ्यावे. दोघांमध्ये एकच उभा झोत ठेवला की सर्व मजल्यांचे नळ त्यातून जातात. चार ठिकाणी नळांच्या उभ्या रांगा टाकण्याऐवजी दोन पुरतात आणि गळती झाल्यास भिंत फोडावी लागत नाही. राजकोट येथील ‘स्मार्ट घर ३’ या गृहप्रकल्पात अशाच झोतांच्या माथ्यावर पंखे बसवून घरातील गरम हवा वर ओढून घेण्याची योजना करण्यात आली. वीज थोडी लागते, पण थंड हवेच्या यंत्राची आस कमी होते.

उन्हाचा विचार दिशेप्रमाणे करावा लागतो. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्यामुळे जूनमध्ये मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीस साधा छज्जा पुरतो. डिसेंबरात तोच सूर्य खाली उतरतो आणि हवेसे ऊन घरात येते. पश्चिमेचे ऊन मात्र आडवे शिरते. तेथे छज्ज्याचा उपयोग नाही. जाळी किंवा बाहेरून बंद होणारी झडप हवी. २०१८ च्या इको-निवास संहितेनुसार इंदूरसारख्या संमिश्र हवामानात उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या साडेबारा टक्के असावे, म्हणजे या घरास सुमारे चार चौरस मीटर. सरकती खिडकी अर्धीच उघडते, बिजागरीची जवळजवळ पूर्ण उघडते. हा भेद खरेदीच्या वेळी सहसा कोणी ध्यानात घेत नाही. माळव्याच्या रात्री थंड म्हणून प्रसिद्धच आहेत. सायंकाळी दोन्ही बाजू उघडल्या की दिवसा तापलेल्या भिंती चौकावाटे निवतात. गच्चीवर उष्णतारोधक थर घालून चायना मोझेकची पांढरी फरशी बसविल्यास वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडांचा ताप बराच कमी होतो.

पावसाच्या पाण्याविषयी अवास्तव आशा बाळगू नये. १७५ चौरस मीटर गच्चीवर वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस पडला व त्यातील ८० टक्के हाती आला, तर १,२६,००० लिटर पाणी मिळते. पन्नास माणसांना दरडोई १३५ लिटरप्रमाणे ते जेमतेम एकोणीस दिवस पुरते. यास्तव मोठी टाकी बांधण्यापेक्षा वाड्याची जुनी विहीर असल्यास ती उपसून, गाळलेले पाणी तिच्यात सोडणे अधिक किफायतशीर ठरते. विहीर बुजवून त्यावर वाहने उभी करणे हा सर्वांत महाग उपाय होय.

पाया खणताना शेजारच्या जुन्या भिंतीचा आधार सुटण्याची भीती असते. खणणे तुकड्यातुकड्याने व पावसाळ्यापूर्वी आटोपावे. नव्या इमारतीचा भार शेजारच्या भिंतीवर टाकू नये, स्वतःची भिंत वेगळी घ्यावी. वाड्याचे सागवान आणि जोत्याचे घडीव दगड मोडीत जाण्यापूर्वी मोजून ठेवावेत. जिन्याचे कठडे, दारे, चौकातील फरसबंदी यांसाठी ते उपयोगी पडतात. तळमजल्यावरील मागील दोन घरे वृद्ध व अपंग असलेल्या कुटुंबांस द्यावीत, कारण एवढ्या लहान इमारतीत उद्वाहनाचा खर्च परवडत नाही.

कागदपत्रांची बाजू याहून नाजूक आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील प्रकल्पास नोंदणीचे बंधन नाही. म्हणजे अशा लहान इमारतीत घर घेणाऱ्यास नोंदणीचे संरक्षण आपोआप मिळत नाही. सर्व वारसांच्या सह्या, मंजूर नकाशा आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला त्याने स्वतः पाहिला पाहिजे. जुन्या भाडेकरूस नव्या इमारतीत कोणता गाळा, किती क्षेत्राचा व कोणत्या भाड्याने वा किमतीस मिळणार, हे वाडा उतरविण्यापूर्वीच लेखी व्हावे. मध्य प्रदेशात प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, २००० लागू आहे. चौक, गच्ची, विहीर व दुकानांचे भाडे सामाईक राहणार असेल, तर तसा स्पष्ट उल्लेख त्याखालील घोषणापत्रात करून घ्यावा.