तेरीज जुळली, पण गल्ला?

म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायची ठरवली तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. कारण साधं होतं : सभासदांत अंगठा उठवणाऱ्या फार. काही महिन्यांनी याच बायका बँकेसाठी पुढाकार घेणाऱ्या चेतना गाला सिन्हांबरोबर पुन्हा साहेबांसमोर गेल्या. कुठलीही रक्कम सांगा, व्याज तोंडी काढतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढू द्या, म्हणाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

ज्यांना व्याज तोंडी येतं त्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर कशाला? बेरजेसाठी तर नक्कीच नाही.

समजा, आटपाडीच्या बाजारात एकीने ८,००० रुपयांना बोकड विकला. ५,००० रोख, ३,००० उधार. नोंद एकदाच करायची : रोख खात्याला ५,००० नावे, गिऱ्हाइकाला ३,००० नावे, विक्रीला ८,००० जमा. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर सॉफ्टवेअर नोंद स्वीकारतच नाही. ही दुहेरी नोंद लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात मांडली. पद्धत त्याहून जुनी. पूर्वी रोजकीर्दीतून खतावणी, खतावणीतून तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची जुळणी), मग ताळेबंद, असं पुन्हा पुन्हा उतरवावं लागे. आता साठवली जाते ती फक्त मूळ नोंद. बाकीचं सगळं मागाल तेव्हा तिच्यातूनच तयार होतं.

उतरवताना अंक उलटे पडत. ७३० चे ३७० झाले, की तेरजेत ३६० चा फरक. जुना मुनीम आधी फरकाला नवाने भागून बघे. नि:शेष भाग गेला, की शेजारचे अंक उलटल्याचा संशय. कारण दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नवाच्या पटीत येतो. सुरेख युक्ती, आता जवळजवळ निरुपयोगी. उतरवणंच संपलं ना!

मात्र पहिल्याच नोंदीत ७३० ऐवजी ३७० टंकले गेले तर? नावेही ३७०, जमाही ३७०. तेरीज चोख जुळते आणि चूक आत सुखाने नांदते. वहीतही ती अशीच लपायची, पण छापील ताळेबंदावर आपला विश्वास जरा जास्तच बसतो. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरबदलाचा माग ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. त्यातून नोंद कधी बदलली ते कळतं. पहिल्यांदाच चुकीची पडली असेल तर त्याचा उपयोग नाही.

त्याला एकच इलाज : बँकेचा उतारा नोंदींशी ताडणं आणि रात्री गल्ला मोजणं. पोराच्या वह्यांना गल्ल्यातून दिलेले दोनशे ‘उचल’ खात्यात घातले नसतील, तर तेही तिथेच उघडं पडतं. आणि आज गल्ल्यात किती निघायला हवेत, हे दुकान आवरता आवरता तोंडी सांगणारी बाई पडद्यावरचे ३७० पाहून लगेच म्हणेल, ‘‘हे कमी आहेत.’’