आत्म्याचे संगीत आणि समतेचा लढा

‘सोल’ म्हणजे आत्मा. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत घडविलेल्या एका गानप्रकाराला हे नाव लाभले, ते योगायोगाने नव्हे. हे संगीत ध्वनिमुद्रणगृहांत आणि नृत्यगृहांत वाढले. मात्र त्याची मुळे प्रार्थनामंदिरात होती. रविवारी चर्चमध्ये शिकलेला सूर घेऊन गायक बाजारात उतरले आणि त्या सुरासोबत, प्रत्येक मनुष्य ही देवाची प्रतिमा आहे, ही शिकवणही चार भिंतींबाहेर आली. वर्णभेदाने जखडलेल्या समाजात त्या शिकवणीची किंमत मोजावी लागत होती. ती कोणी आणि कशी मोजली, हे जाणून घेणे आपल्यासाठीही उद्बोधक आहे.

उगम चर्चमध्ये

१८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. परंतु पुढे दक्षिणेकडील राज्यांत शाळा, बसगाड्या, उपाहारगृहे, इतकेच काय, पिण्याच्या पाण्याचे नळही वर्णानुसार वेगळे ठेवण्यात आले. कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क नाना क्लृप्त्या लढवून हिरावून घेण्यात आला. प्रौढ, संसारी पुरुषालाही गोरे लोक ‘पोरा’ अशी हाक मारीत. तोच माणूस रविवारी आपल्या चर्चमध्ये ‘बंधू’ म्हणून सन्मानाने ओळखला जाई. चर्च ही त्याच्या स्वतःच्या ताब्यात असलेली फार थोड्या संस्थांपैकी एक संस्था होती.

तेथील गायनाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. पाळकाने ओळ उचलायची आणि मंडळीने तिला प्रतिसाद द्यायचा. टाळ्यांचा ठेका धरायचा. भावना अनावर झाली की एकाच शब्दावर स्वर लांबवीत न्यायचा. इजिप्तच्या दास्यातून मुक्त झालेल्या इस्राएल लोकांच्या कथेत या मंडळींना स्वतःचीच कथा दिसत असे. ‘गॉस्पेल’ म्हणजे शुभवर्तमान या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भक्तिगीतांत सांत्वनही होते आणि सुटकेची आशाही.

वेदीवरचा सूर बाजारात?

१९५४ साली रे चार्ल्स या अंध गायकाने एका गॉस्पेल गीताच्या आधारे प्रेमगीत रचले व ध्वनिमुद्रित केले. ते अफाट लोकप्रिय झाले. मात्र अनेक भाविक दुखावले. देवासाठी असलेली चाल प्रियतमेसाठी वापरणे ही त्यांना विटंबना वाटली. गॉस्पेल गायनाच्या सम्राज्ञी महालिया जॅक्सन यांनी तर, मोठ्या मोबदल्याची प्रलोभने असतानाही, भक्तिगीतांखेरीज काही गाण्यास आयुष्यभर नकार दिला.

वाद खराच गंभीर होता. पण लढ्याच्या वेळी या दोन वाटा एकमेकींना येऊन मिळाल्या. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे सुमारे अडीच लाख लोकांच्या मोर्चापुढे महालिया गायल्या. त्याच सभेची प्रारंभिक प्रार्थना वॉशिंग्टनचे कॅथलिक आर्चबिशप पॅट्रिक ओबॉयल यांनी केली आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे आपल्या स्वप्नाविषयीचे भाषण तेथेच झाले. तर ज्यांच्यावर विटंबनेचा ठपका होता त्या रे चार्ल्स यांनी त्याआधीच, १९६१ साली, जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा शहरातला आपला कार्यक्रम रद्द केला होता. कृष्णवर्णीय श्रोत्यांना नृत्याच्या जागेपासून दूर, सज्जात बसविले जाणार आहे, असे तेथील विद्यार्थ्यांनी त्यांना कळविले होते. करारभंगाबद्दल त्यांना दंड भरावा लागला. त्याच जॉर्जियाने १९७९ मध्ये त्यांनी लोकप्रिय केलेले एक गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले.

नाकारलेली खोली

सॅम कुक हे पाळकाचे पुत्र. ‘सोल स्टिरर्स’ या गॉस्पेल गायकवृंदाचे ते लाडके गायक होते. १९५७ मध्ये त्यांनी लौकिक संगीतात पाऊल टाकले आणि गोऱ्या तरुणांच्या घराघरांत त्यांच्या तबकड्या वाजू लागल्या. पण सूर जिथे सहज पोहोचत होता तिथे गायकाला प्रवेश नव्हता. ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे एका हॉटेलने त्यांना आगाऊ ठरविलेली खोली नाकारली. त्यांनी निषेध नोंदविला, तेव्हा शांतताभंगाच्या आरोपाखाली त्यांनाच अटक झाली.

जानेवारी १९६४ मध्ये त्यांनी परिवर्तनाच्या आशेचे एक गीत ध्वनिमुद्रित केले. सौम्य प्रेमगीतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गायकाने त्यात आपल्या समाजाचे दुःख आणि धीर दोन्ही ओतले. ११ डिसेंबर १९६४ रोजी गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवसांनी ते गीत स्वतंत्र तबकडीच्या रूपाने बाहेर पडले आणि नागरी हक्क चळवळीने ते आपलेसे केले. श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी कुक कुटुंबीयांची क्षमा मागितली ती २०१९ मध्ये. तोवर ५५ वर्षे लोटली होती.

आदराची मागणी

अरीथा फ्रँकलिन यांचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइट येथील न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे नामवंत पाळक. जून १९६३ मध्ये त्या शहरात निघालेल्या लाखाहून अधिक लोकांच्या मोर्चाच्या संयोजनात त्यांचा पुढाकार होता. लहानपणी वडिलांच्या चर्चमध्ये गाणाऱ्या अरीथा यांनी फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘रिस्पेक्ट’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. ओटिस रेडिंग यांनी १९६५ मध्ये रचलेल्या मूळ गीतात दमून घरी आलेला पुरुष आदराची अपेक्षा करतो. अरीथा यांनी ती मागणी स्त्रीच्या मुखी घातली आणि गीताचा अर्थच विस्तारला. घरात स्त्रीला, रस्त्यावर कृष्णवर्णीयाला, कारखान्यात कामगाराला हवा असलेला आदर तो हाच, असे ऐकणाऱ्यांना वाटले. १९७२ मध्ये त्या लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये पुन्हा उभ्या राहिल्या व तेथे त्यांनी भक्तिगीतांचे ध्वनिमुद्रण केले. सूर बाहेर गेला होता. पण त्याने आपले घर सोडले नव्हते.

मेम्फिसचे मोटेल

टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात ‘स्टॅक्स’ ही ध्वनिमुद्रण संस्था एका जुन्या चित्रपटगृहात चाले. तिच्या मुख्य वादकवृंदात दोन कृष्णवर्णीय व दोन गोरे वादक होते. शहराचे जीवन वर्णानुसार दुभंगलेले असताना हे चौघे रोज एकत्र बसून संगीत रचीत. गोऱ्यांसोबत कृष्णवर्णीयांनाही निर्वेधपणे बसता येईल अशी ठिकाणे थोडी, म्हणून ही मंडळी लोरेन मोटेलमध्ये जमत. तेथे काही गाजलेली गीतेही जन्मली. याच मोटेलच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. किंग यांची हत्या झाली. सुमारे १,३०० सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी ते शहरात आले होते. दुसऱ्या दिवशी अनेक शहरे पेटलेली असताना बॉस्टनमध्ये जेम्स ब्राऊन यांचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित करण्यात आला. लोक घरीच थांबले आणि शहर बऱ्याच अंशी शांत राहिले.

संगीताची मर्यादा आणि सामर्थ्य

गीतांनी कायदे केले नाहीत. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा हे मार खाल्लेल्या, तुरुंगात गेलेल्या आणि प्राण दिलेल्या सामान्य स्त्री-पुरुषांच्या झगड्याचे फळ होते. तबकडी विकत घेणारा प्रत्येक गोरा तरुण समतावादी झाला, असेही नाही. पण भयभीत माणसाला एकटेपणातून बाहेर काढून समूहात उभे करण्याचे काम या सुरांनी केले. ज्याला मान खाली घालून जगायला शिकविले होते, त्याने ताठ मानेने गायला सुरुवात केली.

या प्रवाहाचा स्पर्श कॅथलिक उपासनेलाही झाला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषा व लोकसंगीत यांना उपासनेत स्थान दिले. त्याच वाटेने आपल्याकडे मराठी मिस्सा आली आणि अमेरिकेत फादर क्लॅरेन्स रिव्हर्स यांनी कृष्णवर्णीयांचे संगीत कॅथलिक वेदीपाशी आणले. जून १९८९ मध्ये कर्करोगाने ग्रासलेल्या फ्रान्सिस्कन सिस्टर थिया बोमन यांनी चाकाच्या खुर्चीत बसून अमेरिकेच्या बिशपांपुढे भाषण केले. गुलामांची नात असलेल्या या व्रतस्थ भगिनीने त्यांना उभे केले, मोर्चातल्याप्रमाणे हात आडवे गुंफून एकमेकांचे हात धरायला लावले आणि चळवळीचे गीत म्हणायला लावले. त्या गीताचे हिंदी रूप आपली मुले शाळेत गातात.

हातात हात घातल्याशिवाय ते गीत नीट गाता येत नाही, असे चळवळीतील लोक मानीत. जो आपल्या शेजारी गातो, त्याला आपल्या शेजारी बसू द्यायचे की नाही, हा प्रश्न या संगीताने अमेरिकेला विचारला. रविवारी एका सुरात गाणाऱ्या प्रत्येक मंडळीने तो स्वतःलाही विचारावा.