पाण्यातल्या फौजेचे कप्तान मोहन सामंत

आपल्या सांगवीला मुळा आणि पवना या दोन्ही नद्यांचा शेजार आहे. काठावर वाढलेल्या पोराला पाण्याची ओढ असते आणि भीतीही ठाऊक असते. म्हणूनच नौदलाचे कॅप्टन मोहन नारायण राव सामंत यांची कामगिरी आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सामंत हे पाणबुडीवरचे अधिकारी. १९६९ साली 'करंज' ही पाणबुडी नौदलात आली, तिचे पहिले कप्तान तेच. १९७१ साली पूर्व पाकिस्तानात जनतेवर अत्याचार सुरू झाले आणि सामंतांवर एक गुप्त जबाबदारी आली. पश्चिम बंगालात पलाशीला, भागीरथीच्या काठी, पाणसैनिक घडविण्याचा तळ उभा राहिला. शिकायला आले ते निर्वासित छावण्यांतले विद्यार्थी आणि शेतकऱ्यांची मुले. पाकिस्तानची पाणबुडी फ्रान्समध्ये सोडून आलेले आठ बंगाली खलाशीही त्यांच्यात होते.

ही मुले गमछ्याने अंगाला विटा बांधून तासन् तास पोहत. पुढे विटांच्या जागी सुरुंग आला. लोहचुंबकाने तो जहाजाच्या तळाला चिकटवायचा आणि गुपचूप दूर निघून यायचे. हल्ल्याचा इशारा आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरील दोन गाण्यांतून मिळणार होता. १५ ऑगस्ट १९७१ च्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चारही बंदरांवर एकदम हल्ले झाले. कित्येक जहाजे बुडाली.

डिसेंबरमध्ये सामंत 'पद्मा', 'पलाश' आणि 'पनवेल' या नौका घेऊन मोंगला-खुलन्याकडे निघाले. १० डिसेंबरला आपल्याच विमानांनी त्यांना शत्रू समजून बॉम्ब टाकले. 'पद्मा' आणि 'पलाश' बुडाल्या. 'पलाश'च्या इंजिनघरातले रुहुल अमीन यांना वीरमरण आले. बांगलादेशाने त्यांना 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान दिला. सामंत बचावले आणि महावीर चक्राचे मानकरी ठरले.

पण ही सारी मोहीम वर्षानुवर्षे गुप्तच राहिली. २० मार्च २०१९ रोजी मुंबईत सामंतांचे निधन झाले. पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेले 'ऑपरेशन एक्स' हे पुस्तक त्याच वर्षी आले, तेव्हा कुठे ही हकीकत सविस्तर लोकांपुढे आली.

पदक एकाच्या छातीवर दिसते. त्यामागे चारशेहून अधिक पोरांची मेहनत होती. छावणीतल्या निर्वासित मुलांवर कुणीतरी विश्वास टाकला, त्यांना मन लावून शिकविले आणि त्यांनी बंदरे हादरविली. आपल्या वस्तीतल्या मुलामुलींवरही असाच विश्वास टाकणारे गुरुजन हवेत, असे आम्हांस वाटते.